बाबू, व्यायामालाही मात्रा असते

लाखनी, जि. भंडारा
श्रावण

चि. बाबूस,


तुझा रविवारचा फोन ठेवला आणि रात्रभर डोक्यात तेच घोळत राहिलं. सकाळी गोळी घेतलीस, काही न खाता जिममध्ये गेलास, अर्धा तास ट्रेडमिलवर पळालास आणि मग वजनं उचलताना हात थरथरायला लागले. दरदरून घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली. तिथल्या कुणीतरी पाणी पाजलं आणि ‘नवीन आहेस, होतं असं’ म्हणून घरी पाठवलं. तू मला विचारलंस, “मोठी आई, व्यायाम मला सोसत नाही का? सोडून देऊ?”

सोडू नकोस. पण ‘होतं असं’ म्हणून विसरूही नकोस. तुझी साखर खाली गेली होती. मी आयुष्यभर नर्स म्हणून खेड्यापाड्यांत काम केलं आणि गेली कितीतरी वर्षं तुझ्यासारखाच मधुमेह सोबत घेऊन जगते आहे, म्हणून हे ठामपणे सांगते. मी डॉक्टर नाही. गोळी कमी करायची की बदलायची, ते तुझे डॉक्टर ठरवतील. त्यांना नेमकं काय विचारायचं, ते मात्र मी सांगू शकते.

तुझ्या चिठ्ठीवर दोन औषधं आहेत, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड. मेटफॉर्मिन एकटी असली तर साखर सहसा धोक्याइतकी खाली नेत नाही. ग्लिमेपिराइडचं तसं नाही. ती स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, मग तू जेवलेला अस की उपाशी. म्हणून तर ती नाश्त्याबरोबर घ्यायची असते. तू गोळी घेतलीस, नाश्ता टाळलास आणि वरून स्नायूंना कामाला लावलंस. रक्तातली साखर दोन्हीकडून ओढली गेली आणि पोटातून नवी काही आली नाही. ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड ही त्याच घराण्यातली औषधं, आणि इन्सुलिनचाही धोका तोच. ही औषधं घेणाऱ्या माणसाला नुसतं ‘व्यायाम करा’ असं सांगून पाठवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. गोळी देताना किती, कधी, जेवणाआधी की नंतर हे सगळं आपण सांगतो. व्यायामाच्या बाबतीत मात्र ‘करत जा’ एवढ्यावर भागवतो. व्यायाम हे औषधच आहे रे. त्यालाही मात्रा असते, वेळ असते आणि चुकलं तर त्रासही असतो.

तेव्हा या आठवड्यात डॉक्टरांकडे जा आणि हे विचार: “मी व्यायाम सुरू करतो आहे. ही गोळी किती आणि कधी घ्यायची? हिच्याऐवजी साखर एकदम खाली न नेणारी दुसरी देता येईल का?” पुढे जिम सुरू केलीस की जाण्याआधी बोट टोचून साखर बघत जा. ९०च्या खाली असली तर आधी एखादं केळं किंवा पोळी खा, थोडं थांब आणि मग जा. ७०च्या खाली असली तर त्या वेळचा व्यायाम रद्द, आधी साखर वर आण. २५०च्या वर असली आणि सोबत तहान, मळमळ, अंगात कसर असली तर त्या दिवशी विश्रांती घे आणि डॉक्टरांना कळव.

खिशात ग्लुकोज पावडरची पुडी हवी. थरथर, घाम, धडधड, एकाएकी भूक, चिडचिड, बोलताना अडखळणं, यातलं काहीही जाणवलं की तिथेच थांबायचं. ‘एवढा सेट पूर्ण करतो’ असं म्हणायचं नाही. तीन चमचे ग्लुकोज किंवा साखर पाण्यात विरघळवून प्यायची, पंधरा मिनिटं बसायचं, पुन्हा तपासायचं. अजून ७०च्या खाली असेल तर तेवढंच पुन्हा घ्यायचं आणि सावरल्यावर पोटभर काहीतरी खायचं. चॉकलेट आणि बिस्किटं यासाठी कामाची नाहीत, त्यातल्या तेला-तुपामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. ज्यांच्या चिठ्ठीवर व्होग्लिबोज किंवा अकार्बोज असतं, त्यांना साधी साखर लवकर लागू पडत नाही, कारण ती औषधं साखरेचं पचनच लांबवतात. त्यांनी ग्लुकोजच घ्यायला हवं. तुझ्या बाबांच्या गोळ्यांत व्होग्लिबोज आहे, त्यांना हे आवर्जून सांग. ते रक्तदाबाची जी गोळी घेतात तिच्यामुळे धडधड आणि थरथर दबून राहू शकते. घाम मात्र येतोच. त्यांनी घामाकडे लक्ष द्यावं.

जिममधल्या एकाला तरी तुझ्या आजाराबद्दल सांगून ठेव. यात लपवण्यासारखं काही नाही. माणूस बेशुद्ध पडला तर लोक घाईने तोंडात साखर कोंबतात आणि ती श्वासनलिकेत जाते. तसं करू नये, कुशीवर वळवावं आणि १०८ला फोन करावा, हे त्याला माहीत असू दे. आणि ज्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त मेहनत होईल, त्या रात्री झोपण्याआधी एकदा साखर बघ. स्नायू आपली रिकामी झालेली कोठारं रात्रभर भरून घेत राहतात, त्यामुळे पहाटेही साखर खाली जाऊ शकते. ओल्या कपड्यांनी जाग आली, डोकं जड वाटलं, तर तेच कारण असू शकतं.

आता तुझ्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते. “मी तर काडीपैलवान. पोट नाही, वजन नाही. मला साखर कशी झाली?” याचं उत्तर तू राहतोस त्याच गावात शोधलं गेलं आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गर्भवती बायांचा अभ्यास सुरू केला. त्या बायांची बाळं सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळं एवढी हलकी, पण कातडीखालची चरबी त्या मानाने टिकून होती, आणि कमी पडले होते ते स्नायू. म्हणजे बारीक दिसणारं पण आतून चरबीचं शरीर आपण जन्मापासूनच घेऊन येतो. पुढे २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये याज्ञिकांनी आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचाच फोटो छापला. दोघं शेजारी उभे, दोघांचाही बीएमआय २२.३. पण युडकिनच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के! वजनकाट्याला दोघं सारखेच दिसतात. तो फोटो मिळाला तर जरूर बघ. ‘मी बारीक आहे म्हणजे ठीक आहे’ हा समज माझ्या नोकरीत मी हजारदा ऐकला असेल.

यातून तुझ्यासाठी सरळ अर्थ निघतो. तुला वजन घटवायचं नाही, तुला स्नायू कमवायचे आहेत. जेवणातून आलेली साखर सर्वांत जास्त कुठे खपत असेल तर ती स्नायूंत. एरवी ती आत न्यायला इन्सुलिन लागतं, आणि तुझं शरीर नेमकं इन्सुलिनलाच नीट दाद देत नाही. पण स्नायू आकसू-प्रसरू लागले की साखर आत नेणारी ग्लुट-४ नावाची प्रथिनं इन्सुलिनची वाट न बघता पेशीच्या पृष्ठभागावर येतात. बिघडलेल्या वाटेला वळसा घालून जाणारी ही दुसरी वाट मधुमेहातही शाबूत राहते. व्यायाम संपल्यावरही एक-दोन दिवस स्नायू इन्सुलिनला बरे ओळखतात. त्यानंतर परिणाम ओसरतो. म्हणून व्यायामात सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खंड पडू द्यायचा नाही. रविवारी तीन तास सिंहगड चढून आलास आणि बाकी सहा दिवस खुर्चीला चिकटून बसलास, तर त्या तीन तासांचं पुण्य बुधवारपर्यंत पुरत नाही.

आपल्या जुन्या वैद्यांनाही बारीक रोगी वेगळा दिसला होता. चरकसंहितेत प्रमेहाचे, म्हणजे मधुमेहासारख्या आजाराचे, रोगी दोन प्रकारचे सांगितले आहेत, एक स्थूल आणि बळकट, दुसरा कृश आणि दुबळा. दुसऱ्याला झिजवायचं नाही, त्याचं पोषण करायचं असा तिथला उपदेश आहे. म्हणून तू त्या मोबाइलवरच्या उपासाच्या नादी लागू नकोस. पोटभर जेव, ताटात वरण, उसळ, दही, अंडी वाढव, आणि आठवड्यातून दोन-तीनदा, मध्ये एक दिवस सोडून, ताकदीचा व्यायाम कर. मशिन नसलं तरी चालतं. खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उठ-बस, भिंतीला हात टेकवून दंड, पायऱ्या चढणं, पाण्याने भरलेल्या बाटल्या उचलणं. आखाड्यातल्या जोर-बैठका तर आपल्याच आहेत. आधी हलकं, दहा-पंधरा वेळा सहज जमेल इतकं. ते सोपं वाटायला लागलं की वाढवायचं. वजन उचलताना श्वास कोंडायचा नाही, उचलताना सोडायचा. नाहीतर रक्तदाब एकदम चढतो.

हे लिहिताना खिडकीबाहेर रोवणी चालू आहे. गुडघाभर चिखलात बाया ओळीने वाकून मागे मागे सरकत पऱ्हे लावताहेत. इथे मला गेल्या महिन्यात एकाने विचारलं, “बाई, आम्ही शेतातली माणसं, आम्हाला कशाला व्यायाम?” प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर सोपं नाही. रोवणीसारखी मेहनत कुठल्याच जिममध्ये होत नाही. पण रोवणी काही आठवडे चालते, कापणी काही दिवस. नांगरणी, चिखलणी ट्रॅक्टर करतो, कापणी आणि मळणी पुष्कळ ठिकाणी हार्वेस्टर एका फेरीत उरकतो. मधल्या महिन्यांत माणूस पारावर, टीव्हीपुढे किंवा मोटारसायकलवर. ताटात भात मात्र बारा महिने तितकाच, दोन्ही वेळ. एक-दोन दिवसांत ज्याचा असर ओसरतो ते काम श्रावणात करून चैत्रापर्यंत पुरवता येत नाही.

आणि रोवणीच्याच दिवसांत आमच्याकडे साखर खाली गेलेली माणसं यायची. वर्षभर घरकाम करणारी बाई ठेक्याच्या रोवणीला जायची. पहाटेच गोळी घ्यायची, न्याहारी धुऱ्यावर डब्यात राहायची, कारण ओळ पूर्ण झाल्याशिवाय कुणी थांबत नाही. अकराच्या सुमाराला ती चिखलात बसायची. सोबतच्या बायांना वाटायचं, ऊन लागलं किंवा अंगात आलं. तुझ्या जिममध्ये जे झालं ते हेच होतं. फरक इतकाच की तिच्या खिशात मोबाइलही नव्हता. मी बायांना सांगत असे की रोवणी लागण्याच्या आधी डॉक्टरांना भेटा, गोळीचं विचारा, आणि पदराला साखरेची पुडी बांधा. काही जणी बांधत. ज्या बांधत त्यांनी दुसरीलाही वाचवलं.

एक बाई माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. रोवणी करून आली होती, ताप आला म्हणून. पाय धुवायला लावले तर उजव्या तळव्याला, अंगठ्याच्या मागच्या गादीवर, एक पांढरट भोक दिसलं. भोवती कातडी जाड आणि पिवळी. दाबलं तर पू आला, आणि त्याच्या मागोमाग बाभळीचा बोटाच्या पेराएवढा काटा. तिला विचारलं, केव्हा लागला? तिला माहीतच नव्हतं. दुखलंच नव्हतं. किती दिवस ती त्या काट्यावर चालली, चिखलात उभी राहिली, कुणास ठाऊक. पुढे तिचं एक बोट काढावं लागलं. पाय वाचला.

साखर बरीच वर्षं चढी राहिली की पायाच्या नसा बधिर होतात, आणि दुखणं ही शरीराची जी राखण असते तीच उठून जाते. व्यायामाच्या बाबतीत मी सगळ्यांत आग्रही कशाबद्दल असेन तर पायांबद्दल. सुश्रुतसंहितेत प्रमेहाच्या निर्धन रोग्याला सांगितलं आहे की त्याने पादत्राण आणि छत्री न घेता, एका गावी एकच रात्र राहत, शंभर योजनं किंवा त्याहून जास्त चालावं. चालण्याची थोरवी त्या काळी ओळखली होती, याचा मला अभिमान वाटतो. पण त्यातलं ‘पादत्राणाविना’ आज कुणी पाळू नये. देवाला अनवाणी जाण्याचा नवस, पहाटे दवात अनवाणी चालण्याचे व्हिडिओ, मधुमेह्याने दोन्हींना लांबूनच नमस्कार करावा. नागपूरचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. शरद पेंडसे यांनी मधुमेही पायांवर अख्खा चित्रसंग्रह काढला आहे. तो चाळला तरी पुन्हा कुणाला अनवाणी चालावंसं वाटणार नाही.

तू तरुण आहेस, आजार नुकता कळला आहे, तुझे पाय बहुधा चांगलेच असतील. पण दुसऱ्या प्रकारचा मधुमेह कळतो तेव्हा तो आधी काही वर्षं गुपचूप असू शकतो. म्हणून एकदा पायांची तपासणी करून घे. दहा ग्रॅमच्या दाबाचा नायलॉनचा एक धागा तळव्याला टेकवतात आणि डोळे मिटून विचारतात, लागलं का. पाच मिनिटांचं काम. बूट संध्याकाळी विकत घे, तेव्हा पाय जरासे सुजलेले असतात. पुढे अंगठ्याएवढी जागा सोड. मोजे सुती आणि कोरडे. घालण्याआधी बूट उलटा करून झटक आणि आत हात फिरव. आणि रात्री दोन मिनिटं पाय बघायचे: तळवे, टाचा, बोटांच्या बेचक्या. वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवावा. फोड, भेग, लाल चट्टा दिसला तर दुसऱ्या दिवशी चालणं बंद आणि दवाखाना. तेवढे दिवस बसून हातांचा व्यायाम करता येतो.

तसाच एकदा डोळ्यांचा पडदा तपासून घे. पडद्यावर नव्या नाजूक रक्तवाहिन्या फुटल्या असतील तर जड वजनं, उड्या, शीर्षासन, डोकं खाली जाणारी आसनं यांनी डोळ्यात रक्तस्राव होऊ शकतो. सूर्यनमस्कारही मग विचारून. योगासनं चांगली आहेत, पण ‘योग कुणालाही चालतो’ हे खरं नाही. तुझ्या बाबांनी जोराचा व्यायाम सुरू करण्याआधी हृदयाचीही तपासणी करावी. मधुमेहात हृदयविकाराची कळ कधी कधी येतच नाही. चढावर एकाएकी दम लागणं, जबडा किंवा डावा हात जड होणं, गार घाम, एवढंच दिसतं. तेव्हा थांबायचं आणि दवाखाना गाठायचा.

मात्रा किती, तर आठवड्याला १५० मिनिटं मध्यम वेगाचं चालणं, किमान तीन दिवसांत वाटलेलं. मध्यम म्हणजे चालता चालता बोलता यावं, गाणं म्हणता येऊ नये. हा आकडा जगभरातल्या मधुमेहाच्या संघटनांनी मान्य केलेला आहे. २०११ साली ब्राझीलच्या संशोधकांनी अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं, तेव्हा १५० मिनिटांपेक्षा जास्त नियोजित व्यायाम करणाऱ्यांचं एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारा आकडा, सरासरी ०.८९ने उतरलेलं दिसलं, आणि त्याहून कमी करणाऱ्यांचं ०.३६ने. ०.८९ म्हणजे एका चांगल्या गोळीच्या तोडीचं. तुझं ८.१ आहे, म्हणजे गणित तुझं तूच कर.

पण तू भात खाणाऱ्या घरचा आहेस, म्हणून मला दुसरा एक अभ्यास जास्त आवडतो. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठात ४१ मधुमेह्यांना काही दिवस एकदाच तीस मिनिटं चालायला सांगितलं, आणि काही दिवस तिन्ही जेवणांनंतर दहा-दहा मिनिटं. चालणं तेवढंच. पण जेवणानंतर चाललेल्या दिवसांत जेवणानंतरची साखर सरासरी १२ टक्के कमी राहिली, आणि रात्रीच्या जेवणानंतर तर २२ टक्के. हे २०१६ साली छापून आलं. आपल्याकडे शतपावली होतीच, ती आपण टीव्हीच्या मालिकांना देऊन टाकली. फक्त शंभर पावलांवर थांबू नकोस, ताट उचललं की दहा-पंधरा मिनिटं चाल. तुझ्यासारख्या ग्लिमेपिराइडवाल्याला ही वेळ सुरक्षितही आहे, कारण पोटात अन्न असतं. आणि दिवसभर संगणकापुढे बसतोस, तर दर अर्ध्या तासाने उठ, दोन-तीन मिनिटं फिर, फोन उभ्याने घे. संध्याकाळी जिमला जाणारा माणूससुद्धा दिवसभर बसून राहिला तर बसण्याचं नुकसान वेगळं होतंच.

एक सावधगिरी आकड्यांची. खूप जोराचा व्यायाम, स्प्रिंट किंवा जड वजनं झाल्यावर लगेच मोजलीस तर साखर वाढलेली दिसू शकते. ॲड्रेनालिनमुळे यकृत साखर सोडतं. घाबरून व्यायाम बंद करू नकोस, तास-दोन तासांनी पुन्हा बघ. आणि घाम किती आला यावरून साखर किती गेली हे ठरत नाही. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या घरात जातो, तेव्हा नुसतं बसूनही घाम निथळतो. उन्हाळ्यात चालणं पहाटे किंवा रात्री, पाणी भरपूर. ज्यांना डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या आहेत त्यांच्या लघवीतून पाणी जास्त जातं, त्यांनी तर विशेष जपावं.

लाखनीत पहाटे चालणारे आता पुष्कळ दिसतात, त्यात बाया जास्त, याचा मला फार आनंद होतो. पण कितीजण अंधारात राष्ट्रीय महामार्गाच्या कडेने चालतात! नागपूर-रायपूरचे ट्रक रात्रभर धावत असतात, ड्रायव्हरच्या डोळ्यांवर पहाटेची झोप असते. मी भेटेल त्याला सांगते, शाळेच्या मैदानावर जा, तलावाच्या पाळीवर जा. तिथेही उजाडल्यावर आणि काठी घेऊन, पावसाळ्यात पाळीवर साप असतात. मोठ्या शहरांत बागा आणि जॉगिंग ट्रॅक होतात. तालुक्याच्या गावाला सुरक्षित चालायला एक किलोमीटर सपाट, उजेडाचा रस्ता मिळत नाही. नगरपंचायतीच्या निवडणुकीत मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला मी हेच विचारणार आहे. २०२३ साली आयसीएमआरच्या पाहणीने देशात १० कोटींवर मधुमेही आणि १३ कोटींवर उंबरठ्यावरचे लोक असल्याचं सांगितलं. एवढ्या लोकांना ‘चाला’ म्हणायचं तर चालायला जागा हवी.

त्या उंबरठ्यावरच्या लोकांत तुझा धाकटा भाऊही आहे, त्याची उपाशीपोटीची साखर ११२ निघाली. त्याला गोळी नाही, म्हणून त्याला वाटतं काही झालंच नाही. त्याला चीनच्या दाचिंग शहराचं सांग. तिथे १९८६ साली अशाच उंबरठ्यावरच्या ५७७ लोकांवर अभ्यास सुरू झाला. सहा वर्षांत केवळ व्यायामाच्या गटात मधुमेह होण्याचा धोका ४६ टक्क्यांनी घटला. आपल्याकडे चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांनी ५३१ भारतीयांवर केलेल्या अभ्यासात, आहार आणि चालणं यांनी धोका २८.५ टक्क्यांनी कमी झाला. ते लोक फार लठ्ठ नव्हते आणि त्यांचं वजनही फारसं उतरलं नव्हतं, हे मुद्दाम सांग. तिशी ओलांडलेल्यांची साखर सरकारी दवाखान्यात फुकट तपासतात, तुझ्या सगळ्या काका-काकूंनी ती करून घ्यावी असं तूच त्यांना लिही. माझं ऐकून त्यांचे कान किटले आहेत.

आणि तू मन छोटं करू नकोस. तुला क्रिकेटचं वेड आहे, म्हणून सांगते. वसीम अक्रमला १९९७च्या सुमाराला मधुमेह असल्याचं कळलं, तोही इन्सुलिनवाला, तुझ्यापेक्षा अवघड. त्यानंतरही तो २००३पर्यंत जलद गोलंदाजी करत राहिला आणि एकदिवसीय सामन्यांत ५०२ बळी घेऊन थांबला. तुला तर दिवसातून अर्धा तास द्यायचा आहे.

कुणी सांगेल, व्यायाम लागला की गोळ्या बंद कर. आपल्या मनाने बंद करू नकोस. साखर खाली राहायला लागली तर डॉक्टर स्वतःच कमी करतील, माझ्याही त्यांनी तशाच कमी केल्या. तापात, जुलाबात, जागरणानंतर व्यायामाला सुट्टी दे. बाकीच्या दिवशी देऊ नकोस.

येत्या सोमवारच्या आत डॉक्टरांना भेट, ग्लिमेपिराइडचं विचार, डोळ्यांच्या आणि पायांच्या तपासणीची तारीख घे. तोवर जिम थांबव, पण दोन्ही जेवणांनंतरचं चालणं आज रात्रीपासूनच सुरू कर. आठवडाभर रात्रीच्या जेवणाआधीची आणि जेवणानंतर दोन तासांची साखर वहीत लिहून ठेव आणि त्या पानाचा फोटो मला पाठव. मी वाट बघते आहे.

तुझी
मोठी आई